आरसा झालेला गळपट्टा

मित्रांनो, मला बघायला आलेला माणूस आधी स्वतःचे केस सारखे करायचा. त्यात त्याचा दोष नव्हता. एकतीस वर्षं माझ्या पोटात आरसा बसवलेला होता. बायका माझ्यासमोर ओठ रंगवायच्या, पुरुष दातांत अडकलेली कोथिंबीर काढायचे, आणि जाता जाता कुणीतरी म्हणायचं, "काय सुंदर जुनी चौकट आहे." मी चौकट नाही. हे सांगायला मला तोंड नव्हतं. तोंडाच्या जागी आरसा होता.

मी घोड्याचा गळपट्टा आहे. तुमच्या डोळ्यांसमोर कुत्र्याचा पट्टा आला असेल तर तो बाजूला ठेवा. बैलाच्या मानेवर जू असतं, तसा ओढकामाच्या घोड्याच्या मानेत मी असतो. चामड्याचं एक बंद कडं, आत पेंढा ठासून भरलेला, बाहेरून दोन लाकडी पट्ट्यांनी आवळलेलं. गाडीच्या साखळ्या मला अडकवतात, घोडा खांद्यांनी मला पुढे रेटतो आणि मागून गाडी निघते. माझं वजन आठ किलो आणि वय सहासष्ट.

आमचं गाव केरवेझेल. फ्रान्समधल्या ब्रिटनीच्या उत्तर किनाऱ्यावर, जिथे जमिनीत आर्टिचोक नावाची भाजी आणि फ्लॉवर पिकतो आणि हवेत मीठ पिकतं. तिथल्या बिएल नावाच्या कारागिराने मला घडवलं. तेव्हा गावात घोड्यांचा साज करणारे तीन जण होते आणि तिघंही एकमेकांना चांभार म्हणायचे. बिएल मापं घ्यायला स्वतः लाऊ नावाच्या शेतकऱ्याच्या गोठ्यात आला. लाऊची घोडी रोझेन, ब्रेटन जातीची, तांबूस अंगाची, पिवळट आयाळीची, कमरेपेक्षा छातीने मोठी. बिएलने तिच्या मानेला दोरी लावली, गाठी मारल्या, आणि मग राय नावाच्या धान्याचा पेंढा लाकडी दांडक्याने ठोकून ठोकून माझ्यात भरला. असा की बोट दाबलं तर बोटच वाकावं.

मला गोठ्यात आणून दिलं तेव्हा त्याने लाऊला सांगितलं, "चढवण्याआधी रोज आतून तळहात फिरवायचा. खडा असेल, काडी असेल, काहीही असेल. घोडी काही सांगणार नाही. ती ओढते, ओढते, आणि एक दिवस ओढत नाही. मग तू तिलाच शिव्या देशील."

लाऊने मान डोलावली आणि हे काम मुलीवर सोपवलं. मुलीचं नाव बार्बा. वय अकरा.

मित्रांनो, घोड्याला गळपट्टा कसा चढवतात हे तुम्हाला सांगून ठेवतो, कारण पुढे सगळं त्यावरच अडणार आहे. मी वर निमुळता आणि खाली रुंद असतो, कारण मान तशी असते. पण घोड्याचं डोकं उलट असतं, वर डोळ्यांपाशी रुंद आणि खाली निमुळतं. म्हणून मला सरळ धरून डोक्यातून घातलं तर मी डोळ्यांवर अडकतो. मला उलटा धरायचा, म्हणजे माझी रुंद बाजू डोळ्यांवरून निघते. मग गळ्याशी, मान जिथे सगळ्यात बारीक असते तिथे, आयाळीच्या बाजूने फिरवून सुलटा करायचा आणि खांद्यांवर सोडायचा. झालं. अकरा वर्षांची बार्बा बादली पालथी घालून तिच्यावर उभी राहायची आणि स्वतःशीच पुटपुटायची, "हात, उलटा, फिरव." आतून तळहात फिरवायची, मला उलटा चढवायची, गळ्याशी फिरवायची. शेवटी माझ्या आणि नरड्याच्या मध्ये मूठ घालून बघायची. मूठ बसली की रोझेन सुस्कारा टाकायची, जणू काही गणित बरोबर आलं.

सहा वर्षं आम्ही तिघांनी काम केलं. हिवाळ्यात ओहोटी लागली की किनाऱ्यावर जायचं, शेवाळाने गाडी भरायची, वाळूतून ओढत शेतात आणायची. शेवाळ ओलं असतं तेव्हा त्याचं वजन फक्त घोडीला आणि मला कळतं. उन्हाळ्यात आर्टिचोक स्टेशनवर पोचवायचे. आणि जूनमध्ये संत एलोआची जत्रा. हा संत घोड्यांचा वाली. त्या दिवशी सगळे घोडे देवळाभोवती फिरवायचे, पाद्रीबुवा झऱ्याचं पाणी शिंपडायचे आणि मालक घोड्याच्या शेपटीचा एक झुपका कापून संताला वाहायचा. एका वर्षी सजलेल्या घोड्यांमध्ये रोझेनचा पहिला नंबर आला. तिला निळा गोंडा मिळाला, तो मला लावला. त्या दिवशी पाद्रीबुवा मला म्हणाले, म्हणजे बिएलला म्हणाले, पण हात माझ्यावर होता, "हे काम टिकणार." काम टिकलं. ज्याच्यासाठी केलं होतं ते टिकणं कुणाच्या हातात नव्हतं.

पुढच्या वर्षी लाऊने लाल ट्रॅक्टर आणला. त्याच महिन्यात त्याला मुलगा झाला, तुद्युआल. दोन्ही आनंदांत लाऊने मला गोठ्यातल्या खिळ्याला टांगलं आणि म्हणाला, "असू दे. ट्रॅक्टर बिघडला तर." ट्रॅक्टर अनेकदा बिघडला. पण तेव्हा शेजाऱ्याचा ट्रॅक्टर यायचा.

घोड्या मात्र राहिल्या. रोझेन गेली, तिची मुलगी राहिली, मग तिची मुलगी. काम काहीच नाही, फक्त दरवर्षी एक शिंगरू व्हायचं आणि शरदात एक ट्रक येऊन ते घेऊन जायचा. शिंगरं कुठे जातात हे गावात सगळ्यांना ठाऊक होतं आणि कुणी बोलायचं नाही. ओझी ओढायला ज्यांचा जन्म झाला ते शेवटी ताटातल्या मांसामुळे टिकले. हे वाक्य पुढे मंडळाच्या माहितीपत्रकात कधी आलं नाही. पण मंडळाचं नंतर.

बार्बाने साइगशी लग्न केलं. साइगचं गावात धिरड्यांचं हॉटेल होतं. कुट्टूच्या पिठाची पातळ धिरडी, वर अंडं, खारं लोणी, सोबत सफरचंदाची दारू. लाऊ वारल्यावर एकदा तुद्युआल घोडी घेऊन चार दिवस पॅरिसच्या प्रदर्शनाला गेला होता. घोडीचा तिसरा नंबर आला. तो बिल्ला घेऊन परतला तेव्हा गोठ्यातला खिळा रिकामा होता. मी साइगच्या हॉटेलात होतो. माझ्यातला बराचसा पेंढा उपसून त्याने आठ खिळे ठोकून मधोमध आरसा बसवला होता.

तुद्युआल दारातच उभा राहिला. "बापाचा गळपट्टा," तो म्हणाला. "लोकांना मिशा बघायला."

"तुझ्या गोठ्यात उंदीर खात होते त्याला," बार्बा म्हणाली. "इथे निदान माणसं बघतात."

"माणसं स्वतःला बघतात."

"मग तू पण बघ. चार दिवस दाढी केलेली नाहीस."

यानंतर बहीणभाऊ एकतीस वर्षं एकमेकांशी बोलले नाहीत. गावात पावाचं दुकान एकच, त्यामुळे रोज सकाळी एकाच रांगेत उभे असायचे. गिऱ्हाइकांच्या तोंडून मी ऐकलेलं आहे. तुद्युआल पाववालीला म्हणायचा, "त्या आरसेवालीला सांगा, तिची पिशवी माझ्या पायावर आहे." आणि बार्बा म्हणायची, "त्यांना सांगा, पाय हलतो." पाववाली दोन्हीकडचे निरोप पोचवायची आणि सुटे पैसे द्यायची.

भिंतीवरची वर्षं वाईट नव्हती. ऊब होती, लोण्याचा वास होता. फक्त कधी रस्त्यावरून टापांचा आवाज आला की माझ्या उरलेल्या पेंढ्यात काहीतरी आवळायचं. तो बहुतेक वेळा टापांचा नसायचा, सहलीला आलेल्या बायकांच्या लाकडी चपलांचा असायचा.

मग साइग वारला, बार्बा म्हातारी झाली, आणि मंडळ स्थापन झालं. 'ब्रेटन घोडा जतन व प्रसार मंडळ, केरवेझेल शाखा.' बैठका महिन्याच्या पहिल्या गुरुवारी, बार्बाच्या हॉटेलात, माझ्या बरोबर खाली. अध्यक्ष मोस्यू लोझाश विमा कंपनीतून निवृत्त झाले होते आणि त्यांना घोड्यांची ॲलर्जी होती, पण मन मोठं होतं. बोधचिन्हातला घोडा डावीकडे बघणार की उजवीकडे, यावर सात बैठका झाल्या. डावीकडे बघितलं तर त्याचा राजकीय अर्थ निघेल असं एका सभासदाचं म्हणणं पडलं. शेवटी घोडा समोर बघेल असं ठरलं. त्यामुळे तो गायीसारखा दिसतो. त्या चिन्हाच्या किल्ल्या अडकवायच्या साखळ्या झाल्या, भांडी पुसायची फडकी झाली. मला त्यांची चेष्टा करायची नाही, मित्रांनो. ती माणसं खरोखर हळहळायची. "आपला वारसा," असं म्हणताना लोझाशसाहेबांचे डोळे भरून यायचे, आणि ते ॲलर्जीने नव्हे.

सभासद चौदा होते. घोडी असलेला गावात एकच माणूस उरला होता, तुद्युआल. आणि तो बैठकीला यायचा नाही, कारण बैठक बहिणीच्या हॉटेलात.

त्याची घोडी उर्स्युल. रोझेनच्या नातीची पणती. ती जन्मली त्या साली सगळ्या शिंगरांची नावं 'उ'वरून ठेवायची होती, दरवर्षी असं एकेक अक्षर ठरतं. तुद्युआलला 'उ'वरून आजीच्या नणंदेखेरीज दुसरं नाव आठवलं नाही. उर्स्युल तेव्हा पंधरा वर्षांची होती, साडेआठशे किलोची. आणि तुद्युआलचे दोन्ही गुडघे गेले होते. त्याने शेत शेजाऱ्याला लावून दिलं. शेजारी तिथे टोमॅटोंसाठी प्लॅस्टिकची घरं उभारणार होता. महिन्याच्या पहिल्या तारखेपासून घोडीला चरायला जागा उरणार नव्हती. त्याने चार शेतकऱ्यांना विचारलं. चौघांनीही घोडी किती सुंदर आहे ते सांगितलं. मग त्याने शिंगरं नेणाऱ्या ट्रकवाल्याला फोन केला. सोमवारी येतो, असं ट्रकवाला म्हणाला.

ही बातमी एका गुरुवारी मंडळात आली आणि धिरडी गार झाली.

"काहीतरी करायला हवं," लोझाशसाहेब म्हणाले.

"ठराव करू," एकजण म्हणाला.

"ठराव खात नाही ती," कातेल म्हणाली. कातेल मंडळाची चिटणीस, वयाने सगळ्यांत लहान, पोस्टात कामाला. "सरपंचबाईंना विचारू. रस्त्याकडेच्या फुलझाडांना पाणी घालायला टँकर लावणार आहेत त्या. ते काम घोडीने केलं तर गाव घोडी सांभाळेल."

आश्चर्य असं की तिथूनच लावलेल्या फोनवर सरपंचबाई हो म्हणाल्या. हो म्हणजे, रविवारी संत एलोआची जत्रा आहे, तेव्हा सगळ्यांसमोर घोडीने पाण्याची गाडी देवळापासून चौकापर्यंत ओढून दाखवायची. चारशे पावलं. ओढली तर घोडी गावाची. नाही ओढली तर टँकरवाला सही करायला तिथेच बसलेला असेल.

उर्स्युलला काम येत होतं. दोन वर्षांपूर्वी पलीकडच्या गावातल्या एका गाडीवानाकडे ती वर्षभर नांगराला होती. पण त्याचा साज तो दक्षिणेला घेऊन गेला होता. त्याचा गळपट्टा वरून उघडायचा, बिजागरीचा होता. तो मानेभोवती नुसता मिटला की झालं. आता तीन दिवसांत तिच्या मापाचा गळपट्टा कुठून आणायचा?

सगळे विचारात पडले. मग कातेलने वर बघितलं. आधी तिने केस कानामागे सारले, हे मी बघितलं. मग तिची नजर आरशावरून माझ्यावर सरकली.

"मादाम बार्बा," ती म्हणाली, "हा खरा आहे का?"

"खोटा असता तर एवढा जड कशाला केला असता?" बार्बा तव्यापाशी पाठ करून उभी होती. "न्या. आरसा परत लावून द्या म्हणजे झालं."

मला खाली उतरवलं. मित्रांनो, एकतीस वर्षांनी कुणी तुम्हाला तुमच्या कामाला बोलावलं तर कसं वाटेल? मला तसं वाटलं. पुढचे दोन तास मात्र मी लोझाशसाहेबांच्या गॅरेजमध्ये होतो. त्यांनी आरसा अलगद काढला, आठ खिळ्यांपैकी सहा पकडीने उपटले. उरलेल्या दोन खिळ्यांची डोकी तुटली. "आतच राहू देत, दिसत तर नाहीत," असं ते स्वतःशीच म्हणाले, आणि पेंढ्याच्या रिकाम्या जागी जुन्या सोफ्याचा स्पंज कोंबून वरून हिरवं बनातीचं कापड शिवलं. काम सफाईदार होतं. विमा कंपनीत होते ना, वरून नीट दिसलं पाहिजे हे त्यांना कळत होतं.

दोन खिळे. माझ्या डाव्या कुशीत, टोकं आतल्या बाजूला. मी ओरडलो असतो.

रविवारी ऊन पडलं होतं. देवळासमोर मंडळाचा फलक, त्यावर समोर बघणारा घोडा. बार्बाने झाडाखाली दोन तवे मांडले होते आणि तिच्यापुढे साठ माणसांची रांग होती. तुद्युआल उर्स्युलला घेऊन आला. तिची आयाळ विंचरलेली होती, खूर तेलाने चमकत होते. त्याने स्वतःही दाढी केली होती. त्याने तव्यांकडे बघितलं नाही. तव्यांनी त्याच्याकडे बघितलं नाही.

लोझाशसाहेबांनी हातमोजे घातले, रुमाल नाकाला बांधला, मला दोन्ही हातांनी उचललं आणि घोडीच्या डोक्यावर चढवलं. सरळ.

मी डोळ्यांवर अडकलो.

"जरा जोर लावा," कुणीतरी म्हणालं. त्यांनी जोर लावला. उर्स्युलने कान पाडले आणि सहन केलं. तुद्युआलने लावून बघितलं. त्याने आयुष्यभर घोड्या पाळल्या होत्या, पण बंद गळपट्टा कधी चढवला नव्हता. तो जन्मला तेव्हा मी खिळ्यावर गेलो होतो. मी त्याच्या हातांत होतो, त्याच्या बापाचा घाम माझ्या चामड्यात होता, आणि "उलटा धर रे बाळा" एवढंच सांगायचं होतं.

"आटला असेल," एक सभासद म्हणाला. "चामडं आटतं."

"मला वाटतं दोष गळपट्ट्याचा नाही," लोझाशसाहेबांनी खिशातून पट्टी काढून घोडीचं कपाळ मोजलं. "डोकं मोठं आहे. जातीच्या मापात बसत नाही. कुठेतरी भेसळ झालेली दिसते."

"डोकं तिच्या आजीचंच आहे," तुद्युआल म्हणाला.

"मग तिच्या आजीत."

"आजीला पॅरिसमध्ये बिल्ला मिळालाय, मोस्यू. तुम्हाला कुठे मिळालाय का?"

मग कुणाला तरी लोणी सुचलं. आमच्याकडे काहीही अडलं की लोणी लावतात, तळायला, सांध्यांना, दाराच्या कडीला. एकजण रांगेतून पुढे घुसला आणि बार्बाच्या टेबलावरचं खाऱ्या लोण्याची अख्खी ढेप उचलून घेऊन आला. उर्स्युलच्या कानांना, कपाळाला, डोळ्यांच्या कडांना लोणी चोपडलं. माशा आल्या. ती डोळे मिटून उभी राहिली. साडेआठशे किलोची घोडी, तिने एक पाऊल मागे घेतलं असतं तर चौदाच्या चौदा सभासद झऱ्यात गेले असते. तिने घेतलं नाही. लोक हसू लागले. सरपंचबाईंनी हसू रुमालात घेतलं. टँकरवाल्याने पेनाचं टोपण काढलं.

"माझं लोणी कुणी नेलं?" रांग फोडून बार्बा आली. शहात्तर वर्षांची, हातात लाकडी उलथनं, एप्रनला पीठ. तिने घोडीकडे बघितलं, लोण्याकडे बघितलं, भावाच्या हातातल्या माझ्याकडे बघितलं.

"उलटा," ती म्हणाली.

कुणाला कळलं नाही.

"पेटी आणा कुणीतरी, माझी उंची गेलीय." सफरचंदाच्या दारूची रिकामी पेटी पालथी घातली. ती वर चढली, उलथनं तुद्युआलच्या हातात कोंबलं, मला घेतलं, उलटा केला. डोळ्यांवरून मी असा निघालो जसा पासष्ट वर्षांपूर्वी निघायचो. गळ्याशी तिने फिरवलं. मी खांद्यांवर बसलो. खाली तिने मूठ घालून बघितली. मूठ बसली. उर्स्युलने सुस्कारा टाकला.

लोकांनी टाळ्या वाजवल्या. खूप वाजवल्या. लोझाशसाहेबांचा रुमाल भिजला. आणि झाडाखालून कुणीतरी ओरडलं, "बार्बा, धिरडं जळतंय!" ती पेटीवरून उतरली आणि पीठ सावरत धावली.

हात, उलटा, फिरव. त्यातला हात राहिला, मित्रांनो. सहा वर्षं रोज सकाळी न चुकलेला तळहात त्या दिवशी टाळ्यांमध्ये राहून गेला.

साखळ्या अडकवल्या. तुद्युआल म्हणाला, "चल, पोरी." उर्स्युलने छाती लावली. पाण्याची गाडी हलली, आणि तिच्या वजनाबरोबर सोफ्याचा स्पंज चपटा झाला. बिएलचा पेंढा असता तर झाला नसता. माझी डावी कूस तिच्या खांद्यात रुतली. पाच पावलं. वीस पावलं. लोक बाजूने चालत होते, पोरं तिला हाका मारत होती. चाळीस पावलांवर ती थांबली.

"चल की," तुद्युआल हळूच म्हणाला.

ती पुन्हा निघाली. मला काढा, असं मी म्हणत होतो. घोड्याला जिथे ओढायला सांगतात तिथेच मी टोचत होतो, आणि ती जितकी मनापासून ओढेल तितका खोल. सत्तर पावलांवर ती पुन्हा थांबली. मान वळवून तिने तुद्युआलकडे बघितलं. तो तिच्या कानापाशी काहीतरी बोलला. ती तिसऱ्यांदा निघाली. शंभर पावलंही झाली नाहीत. मग ती उभी राहिली ती राहिलीच.

"वय झालं," लोझाशसाहेब म्हणाले.

"बिचारी," सरपंचबाई म्हणाल्या, आणि त्यांना खरंच तसं वाटत होतं. "पुढच्या वर्षी बघू या." त्यांनी देवळाच्या ओट्यावर बसून सही केली. लोक जेवायला गेले.

मला तुद्युआलने काढलं नाही, त्याला काढता येत नव्हतं. रांग संपल्यावर बार्बा आली. तिने मला गळ्याशी फिरवलं, उलटा केला, डोक्यावरून काढला, आणि सवयीने, आता, आतून तळहात फिरवला. तळहात लाल झाला.

तिने हात एप्रनला पुसला. मग तिने बनात फाडली आणि दोन्ही खिळे भावाला दाखवले.

"साइगचे," ती म्हणाली. "आरशाचे."

तुद्युआलने घोडीच्या खांद्यावर रुमाल दाबून धरला होता. "लावताना हात फिरवला नाहीस?"

"नाही."

"तू मला शिकवलंही नाहीस कधी."

"तू विचारलं नाहीस. तू निरोप पाठवायचास."

एकतीस वर्षांतलं हे त्यांचं पहिलं सरळ बोलणं.

कातेल खिळे मुठीत घेऊन सरपंचबाईंकडे धावली. सरपंचबाईंनी ते नीट बघितले, वाईट वाटून घेतलं आणि सही झाल्याचं सांगितलं. टँकर बुधवारपासून येणार होता. पुढच्या महिन्याच्या बैठकीच्या इतिवृत्तात खिळ्यांचा उल्लेख नको, त्याने जातीची बदनामी होईल, असं मत पडलं. ठराव झाला तो बार्बाच्या आभाराचा.

तुम्ही विचाराल, बार्बाने घोडी का नाही ठेवून घेतली? तिच्या हॉटेलामागचं अंगण टेबलावरच्या चादरीएवढं आहे, त्यात दोन कचऱ्याचे डबे आणि एक हायड्रेंजिया. तिने रविवारी संध्याकाळी पावलांनी ते मोजलं. दोनदा मोजलं. कातेल पोस्टावरच्या खोलीत भाड्याने राहते. तिने बारा ठिकाणी फोन केले. बाराही ठिकाणी मंडळाच्या किल्ल्यांच्या साखळ्या होत्या, घोडीला जागा नव्हती.

सोमवारी सकाळी ट्रक आला. मी तुद्युआलच्या अंगणातल्या भिंतीवर पडलो होतो, तिथून सगळं दिसलं. बार्बा हॉटेल बंद ठेवून आली होती. तिने उर्स्युलच्या शेपटीचा झुपका कापला, कारण रविवारच्या गडबडीत तेही राहून गेलं होतं. फळीवर चढायला घोडी बिचकली. ट्रकवाल्याने काठी उचलली.

"ठेव ती," तुद्युआल म्हणाला. "ती येते आमच्याबरोबर."

बहीण एका बाजूने, भाऊ दुसऱ्या बाजूने. ती त्यांच्याबरोबर गेली. ती कुणाहीबरोबर गेली असती, तेच तर तिच्या जातीचं मोठेपण सांगतात, माहितीपत्रकाच्या दुसऱ्या पानावर. त्याच पानावर आता तिचा फोटो आहे, मला घातलेला, सुस्कारा टाकल्यानंतरचा. फोटो उत्तम आलाय.

आरसा परत लागला नाही. लोझाशसाहेब तो घेऊन आले तेव्हा बार्बाने तो मोरीच्या खोलीत लावायला सांगितला. त्या हिवाळ्यात दर दुपारी, हॉटेल बंद झाल्यावर, तुद्युआल यायचा. बार्बाने कुठूनसा रायचा पेंढा मिळवला होता. तो ठोकायचा, ती सुई घालायची.

"जोरात ठोक. उशी भरतोयस का?"

"गुडघे दुखतात माझे."

"गुडघ्याने ठोकतोस?"

बिएल असता तर त्याने दोघांनाही चांभार म्हटलं असतं. पण बोट दाबलं तर आता पुन्हा बोटच वाकतं.

एका दुपारी कातेल आली. उभ्या उभ्याच म्हणाली, "मादाम बार्बा, मला चढवायला शिकवाल का? उलटा, मग फिरवायचा, ते."

बार्बाने दोरा दाताने तोडला. "शिकवते की," ती म्हणाली. "मान घेऊन ये."

कातेल बाकावर बसली. मग तिने बॅगेतून वही काढली आणि घोडीसाठी फोन लावायला लागली. तेरावा. ती अजून लावते आहे.

तर मित्रांनो, मला तुम्हाला एवढंच सांगायचं होतं. तुमच्याकडेही काही ना काही जतन करायचं चाललेलं असेल. फलक लावा, साखळ्या करा, टाळ्या वाजवा, त्याला माझी हरकत नाही. पण ते ज्याच्या मानेवर ठेवणार, त्याच्या बाजूने आधी एकदा हात फिरवून बघा. आणि हात कसा फिरवायचा हे ठाऊक असलेलं माणूस बहुधा तव्यापाशी पाठ करून उभं असतं, त्याला वेळेवर विचारा.

मी आता हॉटेलच्या दारामागे टांगलेला आहे, बार्बाच्या हाताला येईल असा. निळा गोंडा गेला, त्याच्या जागी शेपटीचा झुपका बांधलाय. संताला वाहायचा राहिला तो. रोज सकाळी तवा तापायच्या आधी बार्बा मला खाली घेते आणि आतून तळहात फिरवते. खडा नाही, काडी नाही, खिळा नाही.

मानही नाही. ती मूठ घालून बघते, आणि परत टांगते.